विद्येचे कर्ज आणि विद्येची कमाई

जून महिन्यातली गोष्ट. कॉलेजात प्रवेशाची धांदल चालू होती. मी इतिहास शिकवतो. विज्ञानशाखेच्या खिडकीशी माझा काही संबंध नाही. तरी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या गावचा एक मुलगा माझा विद्यार्थी, तेवढीच ओळख. मुलगी बी.एस्सी. झालेली, विषय जीवरसायनशास्त्र, म्हणजे सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रसायनक्रियांचे शास्त्र. एका खासगी संस्थेत एम.एस्सी.ला जागा मिळत होती. दोन वर्षांची फी, राहणे, जेवण मिळून ६ लाखांचा अंदाज. हातात बँकेचा कोरा अर्ज होता. गृहस्थ म्हणाले, "सर, काढावं का कर्ज? आठ दिवसांत पैसे भरा म्हणतात. न काढावं तर घरचे म्हणतात, मग स्थळं बघा."

वाचकहो, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात किंवा शाळेत आलेला असेल. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. प्रश्न समोर आला की तो विचारतो, पूर्वी लोकांनी याचे काय केले? आज तुमच्याशी तेच बोलायचे आहे. शिकण्यासाठी घेतलेले पैसे आणि शिकून मिळवलेले पैसे यांचा मेळ आपल्याकडे कसा घातला गेला, आणि त्यातून या मुलीला काही सांगण्यासारखे निघते काय, ते पाहू.

फार मागे गेलो तर विद्येला पैशाचे कर्ज नव्हतेच. मुले माधुकरी मागत, नाही तर वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या अन्नाची नोंद कोणी वहीत केली नाही, आणि शिकून मोठा झालेला मनुष्यही ते पैशाने फेडीत बसला नाही. त्याने आपल्या दारात दुसऱ्या मुलाचा वार लावला की फिटले. पण या पंगतीला सर्वांना जागा नव्हती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांचा वार कोण लावणार? जुनी व्यवस्था उदार होती खरी, पण ती ठरावीक जातींपुरती.

इंग्रजी विद्या आली, परीक्षा आल्या, बोटीचे भाडे आले, विलायतेतला खर्च आला, आणि विद्येला रोख पैसा लागू लागला. या नव्या गरजेला एक नवे उत्तर जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली दिले. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता त्यांनी एक निधी उभारला. पैसे दान म्हणून द्यायचे नाहीत, उसने द्यायचे. शिकून आलेल्याने कमाईतून ते परत करायचे, आणि परत आलेले पैसे पुढच्याच्या हाती जायचे. विहिरीतून पाणी काढावे आणि झऱ्याने ती पुन्हा भरावी, तसा हा हिशेब. अगदी आरंभीच्या लाभार्थींत स्त्रिया होत्या. पुढे कोल्हापुरात नावाजलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर त्यांपैकीच एक. डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, तेही याच निधीचे विद्यार्थी म्हणून.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पैसे देणारा माणूस पारखून घेत होता. हा काय शिकणार, कोठे शिकणार, परत येऊन काय करणार, हे विचारून मग थैली सोडत होता. कर्ज आणि कमाई यांचा मेळ घालण्याचे काम देणाऱ्यानेच आधी केलेले असे.

दुसरी रीत संस्थानिकांची. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबरोबर करार असा की, परत आल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करावी. म्हणजे फेड पैशाने नव्हे, चाकरीने. कागदावर ही अट वाजवी दिसते. पण १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान बडोद्यास रुजू झाला, तेव्हा त्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. जातीमुळे दारे बंद. कचेरीतही तीच वागणूक. नोकरी सोडून त्यांना मुंबईला यावे लागले. आणि मग संस्थानच्या दफ्तरातून शिक्षणाच्या खर्चाची मागणी सुरू झाली.

पाहा, करार पाळायला माणूस तयार होता, विद्या अव्वल होती. पण विद्येला कमाईचे दार उघडून देणे समाजाच्या हाती होते, आणि समाजाने ते उघडले नाही. पुढे १९२० साली बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. तेव्हा त्यांच्या गाठीला सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीची शिल्लक होती, शाहू महाराजांचे साहाय्य होते, आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले ५ हजार रुपये होते. स्वतःची बचत, थोरांची मदत, मित्राची उसनवारी अशा तीन धाग्यांची ती दोरी होती.

तिसरी रीत साताऱ्याची, आणि ती मला फार मोलाची वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊकच आहे. भाऊरावांचे सूत्र होते, कमवा आणि शिका. विद्यार्थ्याने कर्ज काढायचे नाही, दान मागायचे नाही. शेतात राबायचे, दगड फोडायचे, आणि त्याच हातांनी पुस्तक उघडायचे. घामाची फेड रोजच्या रोज होई. पदवीच्या दिवशी डोक्यावर काही शिल्लक नसे.

आता आपण त्या मुलीच्या विषयाकडे वळू. जीवरसायनशास्त्र हे तसे तरुण शास्त्र. स्वतंत्र विषय म्हणून त्याची नियतकालिके निघू लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याचा विभाग सुरू झाला १९२१ साली. या विषयात भारतीयांनी पहिली पावले टाकली, त्यांचे पैशाचे काय झाले? दोन माणसे घेऊ.

पहिले यल्लप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमवरमचे. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण झाले. १९२३ साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पैशाची तजवीज सासऱ्यांनी केली, आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीने मदतीचे आश्वासन दिले. तरी तिथे पोहोचल्यावर रुग्णालयात रात्रपाळीला हमालाचे काम करावे लागले. रात्री रुग्णांची भांडी उचलायची आणि दिवसा हार्वर्डमध्ये बसायचे. पुढे तेथेच जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा मिळाली. शरीरातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत त्यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२५ साली प्रसिद्ध केली. स्नायूंना बळ पुरवणाऱ्या द्रव्यांचा शोध त्यानंतर लागला. १९३० साली पीएच.डी. मिळाली. एवढे होऊनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषधकंपनीत गेले, तेव्हा कुठे भक्कम पगार आणि हाताखाली माणसे मिळाली. तेथेच फॉलिक आम्लावर काम झाले. हत्तीरोगाच्या ज्या गोळ्या आपल्या विदर्भात सरकारी मोहिमेत घरोघर वाटल्या गेल्या, त्यांतले डायइथिलकार्बामाझिन हे औषध त्यांच्याच हाताखालच्या मंडळींनी काढलेले. १९४८ साली ते वारले. भारतात ते परत आलेच नाहीत. पत्नी शेषगिरी इकडे वाट पाहत राहिल्या, त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

या माणसाच्या शिक्षणाचा जमाखर्च मांडायचा तर घरून निघाल्यापासून भक्कम जागेपर्यंत १७ वर्षे लागली. जगाला जे मिळाले ते अमोल. घराने जे दिले ते कोणत्याच खातेवहीत मावणारे नाही.

दुसऱ्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी १९३३ साली मिळवली. बंगळूरच्या संस्थेत प्रवेश मागितला तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून पाहू, या अटीवर जागा मिळाली, आणि त्या एका वर्षात त्यांनी आपली योग्यता दाखवून दिली. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिज, आणि १९३९ साली तेथील पीएच.डी. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरचा तो प्रबंध होता. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर, मग मुंबईची विज्ञानसंस्था. तेथे नीरा, डाळी अशा गरिबांच्या अन्नावर त्यांनी काम केले. पण संचालकपद हक्काचे असूनही त्यांना ते उशिरा मिळाले. त्यांच्या डोक्यावर सावकार नव्हता, म्हणून त्यांना थांबता आले, भांडता आले, आवडीचा विषय धरून राहता आले. दर महिन्याला हप्त्याचा तगादा असता तर? प्रत्येक नकाराची किंमत दुप्पट झाली असती.

या दोघांच्या चरित्रांतून मला एक गोष्ट दिसते. या शास्त्रात कमाई उशिरा येते. पहिली पदवी म्हणजे घराची ओसरी. खरे दार पुढे असते, एम.एस्सी. आणि संशोधनानंतर. अभियंत्याची किंवा डॉक्टरची पदवी घेतली की पाटी लावता येते. जीवरसायनशास्त्राच्या पदवीला पाटी नाही. म्हणून या विषयासाठी कर्ज काढताना त्या उशिराचाही हिशेब धरावा लागतो.

आता कर्जाच्या इतिहासाचा शेवटचा भाग. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना फीची माफी मिळू लागली. 'ई.बी.सी.' या तीन अक्षरांनी खेड्यातली किती मुले कॉलेजात आणली, ते जुन्या शिक्षकांना विचारा. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली. तिला व्याज नव्हते. नोकरी लागल्यावर हप्त्याने फेड. आणि त्यात एक सुंदर कलम होते. घेणारा पुढे शिक्षक झाला, तर त्याच्या सेवेच्या दर वर्षागणिक मूळ कर्जाचा दहावा हिस्सा माफ! म्हणजे १० वर्षे फळ्यापुढे उभे राहिले की कर्ज फिटले. अमेरिकेतही १९५८ च्या कायद्याने शिक्षकांना कर्जाच्या निम्म्यापर्यंत सूट होती. आपली योजना मात्र टिकली नाही. वसुली फार थोडी झाली, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. घेणाऱ्यांनी परत केले नाही, म्हणून मागून येणाऱ्यांना मिळाले नाही. विहीर उपसली गेली, झरा आटला.

मग आले बँकांचे शैक्षणिक कर्ज. त्याचा आदर्श नमुना बँकसंघाने २००१ साली तयार केला. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता मागत नाहीत. साडेसात लाखांपर्यंत २०१५ च्या हमी-योजनेत जमीन गहाण ठेवावी लागत नाही. २००९ पासून गरीब घरांसाठी व्याजसवलतीची योजना आली. २०२४ साली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत शिकणाऱ्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी व्याजात ३ टक्क्यांची सवलत ठरली. पण जुन्या रीतींपासून यात एक मोठा फरक आहे. टाटांचा निधी विचारी, काय शिकणार? संस्थान म्हणे, चाकरी कर. १९६३ ची योजना म्हणे, शिक्षक हो, सोडून देतो. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली अशी रीत काढली की, कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली तरच वसुली करायची. बँकेचा हप्ता यातले काहीच पाहत नाही. पगार १५ हजार असो की ५० हजार, हप्ता तोच. हप्त्याला पदवी कळत नाही. जो मेळ पूर्वी देणारा घालीत असे, तो आता घरच्यांनीच घालायचा आहे, आणि पुष्कळ घरांत तो घालणारे कोणी नसते.

म्हणून त्या दिवशी आम्ही तिघे बसलो आणि अर्जाच्या पाठीवर हिशेब मांडला. तुम्हीही कागद घ्या.

समजा, पहिल्या वर्षी ३ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी ३ लाख. व्याज १० टक्के. पहिल्या वर्षाचे व्याज ३० हजार, दुसऱ्याचे ६० हजार, आणि सवलतीच्या तिसऱ्या वर्षाचे ६० हजार. सरळ व्याज धरले तरी फेड सुरू होते त्या दिवशी कर्ज साडेसात लाखांचे झालेले असते. १० वर्षांच्या मुदतीत महिना हप्ता पडतो सुमारे ९,९०० रुपये. सगळे मिळून जवळजवळ ११ लाख ९० हजार. घेतले ६, दिले १२.

गृहस्थ गप्प झाले. मुलीने विचारले, "सर, पण नोकरी लागल्यावर?"

तोही हिशेब केला. समजा, औषधाच्या कारखान्यात किंवा रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत २० हजारांवर नोकरी लागली. निम्मा पगार हप्त्यात गेला. परगावी राहायचे, खायचे, घरी काही पाठवायचे, कशात? उलट, तिने संशोधनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दिली आणि कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती मिळवली, तर २०२३ पासून तिचा दर महिना ३७ हजार आहे. मग हप्ता चौथ्या हिश्शाच्या थोडा वर राहतो. जड आहे, पण उचलण्याजोगा. मात्र ती शिष्यवृत्ती मोजक्यांनाच मिळते. कर्ज शंभर टक्के निश्चित आणि शिष्यवृत्ती स्पर्धेतली, हे विसरून चालणार नाही.

"म्हणजे शिकू नये का?" गृहस्थांनी विचारले. त्यांच्या आवाजात थोडा राग होता, आणि तो योग्यच होता.

मी म्हटले, "भाऊ, शिकू नये असं कसं म्हणेन? तोच विषय ती विद्यापीठाच्या विभागात शिकली, तर फी किती?" मुलीला ठाऊक होते. फारच कमी. तिने प्रवेश-परीक्षाही दिली होती, पण पहिल्या यादीत नाव नव्हते. दुसरी यादी यायची होती. खासगी संस्थेने आठ दिवसांची घाई लावली होती, ती त्याच्या आधीची. ही घाई कोणाच्या सोयीची, ते त्या दोघांना न सांगता कळले.

अर्ज त्या दिवशी भरला नाही. दुसऱ्या यादीत तिचे नाव लागले. राहण्या-जेवणासाठी दीड लाखाचे कर्ज काढावे लागलेच. सवलतीच्या काळातले व्याज धरून, पाच वर्षांत फेडायचे म्हटले, तर त्याचा हप्ता ४ हजारांच्या आसपास येतो. २० हजारांच्या नोकरीतही तो निघतो. सगळ्यांनाच अशी दुसरी यादी मिळत नाही, हे मी जाणतो. यादीत नाव नसते तर मी तिला काय सांगितले असते? एक वर्ष थांब, काही काम कर, परीक्षा पुन्हा दे, असे बहुधा सांगितले असते. आणि घरच्यांना सांगितले असते की, या वर्षात स्थळे पाहू नका. दुसरे सांगणे पहिल्यापेक्षा अवघड.

वाचकहो, तुमच्या दारी असा प्रश्न येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा. एक, या पदवीनंतर लगेच कोणते दार उघडते, आणि तेथला आरंभीचा पगार काय? संस्थेच्या छापील पत्रकातला नव्हे, गेल्या दोन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या चार मुलांना विचारून कळलेला. दोन, व्याज धरून हप्ता किती, आणि तो त्या पगाराच्या पाचव्या हिश्शात बसतो का? फार तर चौथ्या. तीन, तीच विद्या कमी खर्चात मिळण्याची वाट बंद झाली आहे, की अजून आपण ती शोधलीच नाही? आणखी एक. कर्जात बाप सहकर्जदार असतो. जमीन गहाण नसली तरी नाव गहाण असते. हप्ते थकले तर पुढच्या पेरणीला पीककर्ज मागताना तेच नाव आडवे येते.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहांच्या जागा, प्रवेश-परीक्षांच्या तारखा या गोष्टी गावात प्रथम कळायच्या तर त्या तुम्हालाच. त्या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. माधुकरीचे दिवस गेले, संस्थानिक गेले, १९६३ चे ते सुंदर कलमही गेले. पण एखादी तारीख वेळेवर सांगितल्याने एका घरावरचे ६ लाखांचे ओझे दीड लाखावर येते, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.